दोघांच्या गोळ्या

डॉक्टरनं दोन पुड्या दिल्या होत्या, एक माझी आणि एक नवऱ्याची. दोन्ही मी एकटीनं खाल्ल्या. चुकून खाल्ल्या असत्या तर लाज वाटली असती. चांगला विचार करून खाल्ल्या, म्हणून हसू येतं.

विचार असा होता. आमच्याकडं नवऱ्याच्या वतीनं बायकोला बरंच काही करता येतं. त्यानं बोललेला नवस ती फेडते. त्याचा शनिवार ती धरते. साडेसाती त्याला लागते आणि अनवाणी ती चालते. मग गोळीच तेवढी ज्याची त्यानं का गिळायची? औषध घरात आलंय, त्याचा गुण घरात जिरला म्हणजे झालं. कुणाच्या पोटात जिरला हे रोगाला कुठं दिसतंय! तेव्हाची मी म्हणजे नवी नवरी, हातांवरची मेंदी उतरलेली आणि डोक्यात नुसता भुसा. देवापुढं निरांजन लावलं, नवऱ्याचं नाव मनात घेतलं (मोठ्यानं घ्यायची सोय नव्हती) आणि त्याच्या वाटणीची पहिली गोळी गिळली. वर पाणी, पाण्यावर नमस्कार.

दुखणं कुठलं होतं ते इतक्या वर्षांनी लिहायला बसले, तर पेन अजून त्या शब्दाभोवती फुगडी खेळतंय. खालचं होतं. अंगावरून पांढरं जात होतं, आग होत होती, खाज सुटत होती. झालं, लिहिलं. नातवंडांनी वाचलं तर वाचू दे, त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

आज हे सगळं वर आलं ते दारातल्या कडुलिंबामुळं. चैत्र लागला की आमच्या धाराशिवात सकाळीच ऊन पाठीत थाप मारतं आणि नेमका तेव्हाच हा लिंब पांढऱ्या मोहरानं भरून येतो. झाडून घेतलेली पायरी मागं वळून बघेस्तोवर पुन्हा पांढरी. रस्त्यानं येरमाळ्याच्या जत्रेला निघालेल्या जीपा जातात, टपावर पोरं, आत हलगी. वर गच्चीत भाडेकरू पोरी पुस्तक छातीशी धरून येरझाऱ्या घालतात, कारण मेडिकल कॉलेज झाल्यापासून चैत्र हा गावात परीक्षेचाही महिना झालाय. मोहराचा कडूगोड वास, हलगी आणि पाठांतराची पुटपुट एकत्र आली की मला संशय येतो. अमक्याचा तमक्याचा असं नाही. कुणाला धुळीनं शिंक येते, मला चैत्रानं संशय येतो. दोन चैत्रांनी ही खोड लावली. एक लग्नानंतरचा, तो सांगितला. दुसरा अगदी अलीकडचा, सत्तरीला टेकल्यावरचा.

त्या अलीकडच्या चैत्रात वरच्या खोलीतली प्रणाली काकड्या घेऊन खाली आली. जळकोटची पोर, घरची शेती, मेडिकलला तिसऱ्या वर्षाला. एरवी पाणी आलं नाही तरच खाली येणारी. फुकटच्या काकड्या बघून माझा पहिला संशय तिथंच उगवला.

“आजी, तुमी नाटकात काम केलंय म्हणं?”

“कुणी सांगितलं?”

“तुमीच की. दर उन्हाळ्यात सांगताव.”

“मग?”

“आमच्या मॅडमला पेशंट पायजेत. खोट्या.”

“खऱ्या संपल्या व्हय?”

ती हसली नाही. म्हणाली, खऱ्या बाईला पहिल्यांदाच विचारायला गेलं की आमची जीभ जड होते, आम्ही तत्तप्प करतो, बाई उठून जाते ती परत दवाखान्याकडं फिरकत नाही. म्हणून आधी खोट्या बाईवर शिकायचं. काय विचारायचं असतं, म्हटल्यावर काकड्यांकडं बघत एका दमात म्हणाली, “लैंगिक आरोग्य.” हातातली काकडी मी हळूच ताटात परत ठेवली.

दोन दिवस शंकाकुशंकांत गेले. हिनं मला नाटकवाली म्हणून निवडलं की घरात रिकामी बसलेली म्हातारी म्हणून? तपासणार तर नाहीत? पेपरात फोटो आला तर गल्लीला काय सांगायचं? लेकाला विचारलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “आई, या वयात?” म्हटलं, “दुसऱ्या कुठल्या वयात कुणी विचारलं न्हाय रे.” आणि इस्त्रीची साडी काढली. नाटकातलं माझं काम म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला प्रधान झाले होते आणि ‘आज्ञा महाराज’ एवढंच म्हणायचं होतं. तेही विसरले होते. हे मात्र मी प्रणालीला कधी सांगितलेलं नाही.

मॅडम पस्तिशीच्या आतबाहेर, हसणं जपून वापरणाऱ्या. मला बघून “या आजी” म्हणाल्या, पंख्याखालची खुर्ची दिली, चहा मागवला. न हसता चहा पाजणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो. त्यांनी फळ्यावर बाईची आकृती काढली, कमरेखाली बाण काढला आणि पोरांना म्हणाल्या, “याची इंग्रजी नावं तुम्हाला पाठ आहेत. आता समोर खेड्यातली बाई बसलीय. तिच्याशी कुठल्या शब्दांत बोलणार?”

पोरी बुटाच्या टोकाकडं बघायला लागल्या. पोरांना खिडकीबाहेरचा लिंब एकदम आवडला. मला वाटलं, हा आपला मोका. लेकरं झालेली बाई मी, सुनेची बाळंतपणं केलेली, मी सांगते या कोवळ्यांना. घसा खाकरला, तोंड उघडलं आणि “खाली” एवढंच बाहेर पडलं.

“खाली म्हणजे कुठं, आजी?” मॅडम म्हणाल्या. “गुडघा?”

वर्ग फुटला. मीही हसले, पण रिक्षातून घरी येताना ते हसू तोंडातच आंबट झालं. हाताला हात म्हणतो, कोपराला कोपर, करंगळीलासुद्धा वेगळं नाव आहे. आणि जिथून लेकरं आली तिथं नुसती दिशा. खाली. तिकडं. सगळा संसार झाला, त्या जागेचं नाव एकदाही तोंडातून गेलं नाही. आमचे हे येरमाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. तो धडा आला की पोरांना म्हणायचे, “हा सोपा आहे, घरी वाचून या.” आणि घरी येऊन मला म्हणायचे, “तो धडा फार अवघड आहे.”

दुसऱ्या दिवसापासून मी शांताबाई झाले. मॅडमनी सांगितलं, तुमचा नवरा गाडीवर असतो, बाहेरच जास्त. तुम्हाला आग होते, अंगावरून जातंय. आपणहून काही सांगायचं नाही. पोरांनी नीट विचारलं तरच सांगायचं. मग त्यांनी स्वतःची ओढणी डोक्यावरून घेतली, माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि माझी सासू झाल्या. आमच्याकडं बाई दवाखान्यात एकटी जात नाही. सोबत कुणीतरी असतंच, आणि दुखतं एकीला पण बोलते सोबतीण. हे मॅडमना चांगलं ठाऊक होतं.

पहिला नंबर लागला वैभवचा. बेंबळीचा, काटकुळा, शर्टाचं वरचं बटण लावणारा. तो पंख्याकडं बघून म्हणाला, “काय त्रास होतोय?”

“अंगावरून जातंय तिच्या,” सासू.

“कधीपासून?”

“झालं की. तुमी गोळ्या द्या, आमची येष्टी हाय.”

वैभवनं कपाळ पुसलं. सोबतिणीला बाहेर पाठवायचं, हे त्याला शिकवलं होतं. “मावशी, तुम्ही जरा पाणी पिऊन येता का?”

“तहान न्हाय मला.”

पोरं बाकावर डोकं ठेवून हसत होती. मी हसले नाही. माझ्या उजव्या खांद्याला खरोखरची ऊब लागायला लागली होती, ओळखीची.

तुळजापुरातला तो दवाखाना. लाकडी बाक, स्पिरिटचा वास, भिंतीवर गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर. उजव्या खांद्याला खांदा लावून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. डॉक्टरनं मला विचारलं आणि आत्याबाईंनी उत्तर दिलं, शेवटपर्यंत. मी कॅलेंडरातल्या बाळाच्या पायाची बोटं बघत होते. डॉक्टरनं तपासलं नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही, चिठ्ठी खरडली. कंपाउंडरनं कागदाच्या दोन पुड्या बांधल्या. “ही बाईची, ही मास्तरांची. दोघांनी संगटच घ्यायच्या. एकट्यानं घेऊन भागत न्हाय.” आणि मिशीतल्या मिशीत हसला.

“माझ्या लेकाला काय झालंय?” आत्याबाईंचा आवाज चढला.

“काय न्हाय. घेऊ द्या,” डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

वाटेत कोपऱ्यावर आत्याबाई थांबल्या. दोन्ही पुड्या माझ्या हातात कोंबल्या. “त्याला ह्यातलं काय बी सांगायचं न्हाय. दुखणं तुझं, औषध तुझं.”

तेवढं एक वाक्य आणि कंपाउंडरचं ते हसू. संशयाला आणखी काय लागतं? दुखणं माझं असेल तर पुडी त्याला कशाला? डॉक्टरला माझ्या नवऱ्याबद्दल असं काय ठाऊक आहे, जे मला नाही? हे आठवड्याचे पाच-सहा दिवस येरमाळ्याला, खोली घेऊन राहायचे. शनिवारी सांजच्याला तुळजापूरला यायचे. मधले दिवस कसे जात असतील याचा मी तोवर कधी विचारच केला नव्हता. त्या दिवसापासून दुसरा विचार केला नाही.

दुप्पट गोळ्यांनी जे व्हायचं ते झालं. तोंडाला पितळेची चव आली. पाणी प्यायलं तरी पितळ, भाकरी चावली तरी पितळ, जणू मी देवाची घंटा चाटून आलेय. मग उलट्या. आत्याबाईंनी उलट्या बघितल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. कुणाला न सांगता त्यांनी माझ्या ताटात चिंच वाढायला सुरुवात केली, शेजारणीकडून कैऱ्या मागवल्या. मी मुकाट्यानं चिंच खात होते आणि पितळ आणखी चकाकत होतं. चिंचेनं पितळ घासतात, हे त्या वेळी कुणालाच सुचलं नाही.

त्या शनिवारी ह्यांनी येरमाळ्याहून लिमलेटच्या गोळ्या आणल्या. “तुला मळमळतंय म्हणं,” म्हणाले. एक माझ्या हातावर ठेवली, एक स्वतःच्या तोंडात टाकली आणि गाल फुगवून माझ्याकडं बघत बसले. दुसरी एखादी असती तर विरघळली असती. मी मनात म्हटलं, ज्याच्या मनात काळंबेरं असतं तोच खाऊ आणतो. आणि लिमलेट कडाकड चावून खाल्ली.

पौर्णिमेला येरमाळ्याची जत्रा. मी हट्ट धरला, देवीला जायचंच. देवी निमित्ताला, मला ती खोली बघायची होती आणि खोलीच्या मालकीणबाई. माझ्या तेव्हाच्या अकलेनं मी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. टाचा भेगाळलेल्या, हे आपल्या बाजूचं. केस लांब, हे त्यांच्या बाजूचं. मोकळं, खळखळून हसणं, हे तर फारच त्यांच्या बाजूचं. मालक वारलेले. त्यांनी माझी ओटी भरली, खण दिला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “मास्तरांना पिठल्यात लसूण जळका लागतो. तुमी बी तसंच करताव का?”

मी “व्हय” म्हटलं. मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात लसणाला सोनेरी रंगापुढं जाऊ देत नसत, आणि ह्यांनी घरी कधी तोंडातून ब्र काढला नव्हता.

येरमाळ्याच्या आमराईत माणसं चुन्याचे खडे वेचत होती, देवीच्या मंदिरासाठी वेचतात तसे. हलगीच्या कडकडाटात मीही वाकून वेचले. एक खडा पदराच्या टोकात तसाच राहिला. परतीच्या गाडीत तो मी मुठीत इतका आवळला की तळहात पांढराफेक झाला. पुढच्या शनिवारी मुद्दाम लसूण जाळून पिठलं केलं आणि समोर बसून ह्यांचं तोंड बघत राहिले. ह्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आता हा पुरावा समजायचा की कौतुक? मी त्यावर कितीतरी वर्षं काढली. आणि उन्हाळा सरता सरता दुखणं परत आलं, आलं ते अनेकदा आलं. माझ्या दृष्टीनं तो निकाल होता. शिक्षा मात्र कधी सुनावली नाही. भांडण झालं की आतल्या आत खडा आवळायचा, एवढंच. त्यांना विचारायचं राहिलं.

वर्गातली शांताबाई तोवर बरीच प्रसिद्ध झाली होती. एक पोरगी सगळं छान विचारत आली आणि नवऱ्यासोबतच्या संबंधांपाशी आल्यावर पुढचा प्रश्न गाळून औषधावर गेली. मॅडमनी थांबवलं. “ते का नाही विचारलंस?”

“मॅडम, आजींना ते विचारायची गरज नाही ना.”

“का नाही गरज?”

माझे कान गरम झाले. माझे पांढरे केस बघून त्या लेकरानं माझं दुकान परस्पर बंद करून टाकलं होतं, आणि मजा म्हणजे मला तिचा रागही आला नाही. मीच ते कधीचं आतून कडी लावून ठेवलेलं. वैभवनं त्याच्या पाळीला तो प्रश्न नेटानं विचारला. पंख्याला विचारला, पण विचारला. “तुमचे मिस्टर घरीच असतात का?”

मी शांताबाई विसरले. “असतात की. भिंतीवर.”

मॅडमसुद्धा हसल्या. एकटा वैभव हसला नाही. त्याचा फोन टेबलावर थरथरत होता, तो त्यानं उलटा करून ठेवला. दर तासाला हेच. फोन यायचा, नाव बघायचा, ओठ आवळायचा, फोन उपडा. मी मनाशी ठरवून टाकलं, पोरगी असणार. आणि फसवतोय तिला. पंख्याकडं बघून बोलणाऱ्या माणसाचा भरवसा काय?

शेवटच्या दिवशी त्यांची परीक्षा होती. एकेकानं आत यायचं, शांताबाई आणि सासू बसलेल्या, विचारायचं. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं, कूलरचं पाणी संपलेलं, खिडकीतून मोहराची भुकटी उडून टेबलावर येत होती. वैभव आला. बसला. या वेळी पंख्याकडं बघितलं नाही. ओढणी घेतलेल्या मॅडमकडं वळून म्हणाला, “मावशी, तुम्ही सोबत आलात ते बरं केलंत. आता मला यांच्याशी एकटीशी बोलायचंय. तुम्ही बाहेर बाकावर बसा.”

मॅडम उठल्या. बाहेर गेल्या. दार मार्क देण्यापुरतं किलकिलं राहिलं. माझ्या उजव्या खांद्याला एकदम गार लागलं. आत्याबाई उठून गेल्याचं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं, आणि त्यांच्या मागोमाग माझी शांताबाईही निघून गेली. खुर्चीत मीच राहिले.

“आधी कधी औषध घेतलं होतं का?” त्यानं विचारलं.

“घेतलं होतं. दोघांच्या गोळ्या होत्या, मी एकटीनं खाल्ल्या.”

त्याची भुवई हलली. हे शांताबाईच्या कागदात नव्हतं. पण पोरगं थांबलं नाही. “दोघांच्या? मग उलट्या झाल्या असतील.”

“झाल्या.”

“तोंडाला धातूसारखी चव आली होती का?”

एवढ्या वर्षांत त्या पितळेबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते. आईशी नाही, बहिणीशी नाही. आणि हा काल मिसरूड फुटलेला पोरगा ती चव माझ्या तोंडातून काढून माझ्यासमोर ठेवत होता. मी नुसती मान हलवली. मग मला राहवेना. “एक सांगा डॉक्टर. दुखणं बाईचं असलं तर गोळ्या नवऱ्याला कामून देतात? तो बाहेर जातो म्हणूनच ना?”

“काही जंतू नवरा-बायकोत इकडून तिकडं जातात,” तो म्हणाला, सावकाश, पाठ केलेलं घसरू नये म्हणून धरून धरून. “बाईला त्रास होतो, पुरुषाला बहुतेक कळतसुद्धा नाही. एकटीनं औषध घेतलं तर परत येतं. म्हणून दोघांना देतात.”

“मग त्याच्याकडं आलं कुठून?”

“ते सांगता येत नाही. ते कधी लग्नाआधीचंही असतं, कुणाचंही असू शकतं. तुम्हाला तपासलं होतं का?”

“न्हाय.”

“मग तुमचा जंतू तोच होता का, हेही माहीत नाही. न तपासता दोघांना गोळ्या देऊन टाकणारे बरेच असतात. आणि परत येणारी दुखणी दुसरीही असतात. नुसत्या गोळ्यांवरून माणूस ओळखता येत नाही.” मग त्यानं वही बघितली, घसा साफ केला आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, “तुमचे दुसऱ्या कुणाशी संबंध होते का?”

“माझे?”

“दोघांनाही विचारायचं असतं. मॅडमनी सांगितलंय.”

मला आधी संताप आला. मग, खरं सांगते, थोडं बरंसुद्धा वाटलं; इतक्या वर्षांत माझ्यावर संशय घ्यायच्या लायकीची मी कुणाला वाटले नव्हते. आणि मग एक हिशोब सुचला. मधले पाच-सहा दिवस हे येरमाळ्याला असायचे, म्हणजे मीही तेवढेच दिवस तुळजापुरात एकटी असायचे. ह्यांनी मला कधी विचारलं नाही. विश्वास होता म्हणून? की आपण विचारलं तर ही उलट विचारेल म्हणून? संशयाचा हा दुसरा दरवाजा मी कधी बघितलाच नव्हता, आणि आता तोही उघडा पडला. या वयात आणखी एक खोली झाडायची आली.

“न्हाय,” म्हटलं. त्यानं लिहून घेतलं, जसं कुणाचंही लिहिलं असतं. ते “न्हाय” त्यानं खरं मानलं की खोटं, हे त्याच्या तोंडावरून कळलं नाही. मला ते कधी जमलं नसतं.

त्याच्या खिशात फोन थरथरला. त्यानं वरूनच दाबून बंद केला. मॅडम आत आल्या, ओढणी खांद्यावर घेतली, माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, “आजी, चहा सांगू?” मी नको म्हटलं. जिना उतरून खालच्या लिंबाखाली पारावर जाऊन बसले. डोक्यावर, मांडीवर, पिशवीवर मोहर गळत होता. मास्तरांच्या बाजूनं आणि विरुद्ध बाजूनं जे काही जमवून ठेवलं होतं, मिशीतलं हसू, लिमलेट, जळका लसूण, ते सगळं पुन्हा एकदा उचलून बघितलं. वजन तेवढंच होतं. नाव मात्र कशावरच लिहिलेलं नव्हतं.

वैभव गेटजवळच्या रसवंतीतून रसाचा ग्लास घेऊन आला. माझ्यासमोर धरला. फुकटचा रस, सवयीनं माझी भुवई वर गेली. म्हटलं, काय रे, आता हा कशासाठी? तो बसला नाही. फोन हातात होता, या वेळी सुलटा. शर्टाचं वरचं बटण काढलं आणि म्हणाला:

“आजी, कागदात गोळ्यांचं नव्हतं, म्हणजे ते तुमचं खरं असंल, मला इचारायचं न्हाय. माझं सांगतो. दिवाळीत आईच्या कपाटात तसल्याच गोळ्यांची दोन पाकिटं दिसली, एकावर आईचं नाव, एकावर पपांचं. पपांचं फोडलेलं बी नव्हतं. तवापासून मी पपांचा फोन घेत न्हाय, आणि त्यांना कारण बी ठावं न्हाय. मघाशी तुमाला जे सांगितलं ते पाठ केलेलं होतं, आजी. बोलताना पहिल्यांदा माझं मलाच ऐकू आलं. लावू का आता फोन?”